एचआयव्ही आणि टीबी दोन्ही असलेलं मूल: वजन, वेळ आणि गोळ्यांचा हिशेब

एकाच मुलाला एचआयव्ही आणि टीबी दोन्ही निघाले तर कोणती औषधं द्यायची हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. औषधं ठरलेली आहेत, सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्याही आल्या आहेत. उपचार फसतात ते हिशेबात. टीबीच्या गोळ्या एका खिडकीवर मिळतात, एचआयव्हीच्या दुसऱ्या. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालंय हे एआरटी (एचआयव्हीची औषधं) देणाऱ्या सेंटरला कळत नाही आणि तिथलं डोल्युटेग्रॅविर दिवसातून दोनदाऐवजी एकदाच चालू राहतं. मूल अडीच किलोने वाढतं, तरी कागदावरचा डोस तोच राहतो. या दोन चुका टाळल्या तर निम्मं काम झालं.

हा मजकूर प्राथमिक आरोग्य केंद्रातले आणि ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी, एआरटी सेंटरचे समुपदेशक, टीबीचे उपचार पर्यवेक्षक यांच्यासाठी आहे. आई-वडिलांनीही जरूर वाचावा, पण यातले आकडे पाहून घरी डोस ठरवू नये. मार्गदर्शक सूचना बदलत असतात. सेंटरवर लावलेला ताजा तक्ता नेहमी आधी पाहा.

संशय कधी घ्यायचा

एचआयव्ही असलेलं मूल दारात आलं की दर वेळी चार गोष्टी विचारायच्या: खोकला आहे का, ताप आहे का, वजन वाढत नाही का, घरात किंवा शेजारी कुणाला टीबी आहे का. एकाचं जरी उत्तर 'हो' असलं तरी तपास सुरू. मुलांमध्ये सगळ्यात जास्त बोलतं ते वजन. मागच्या भेटीपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त घटलं असेल, किंवा वाढीच्या तक्त्यावरची रेघ आडवी झाली असेल, तर 'सध्या नीट जेवत नाही' म्हणून सोडून देऊ नका. अंगणवाडीतलं कार्ड मागून घ्या; जुनी वजनं तिथेच सापडतात.

उलटीही वाट आहे. टीबी निघालेल्या प्रत्येक मुलाची एचआयव्ही तपासणी व्हायलाच हवी. १८ महिन्यांखालच्या बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडं असतात, म्हणून नेहमीची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी बाळाला संसर्ग आहे असं ठरत नाही. त्यांच्यासाठी थेट विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी लागते. आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) टाचेतून रक्ताचे थेंब विशिष्ट कागदावर घेतात आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या नमुन्यावर खात्री करायची, पण एआरटी त्या निकालासाठी अडवून ठेवायची नाही.

नमुना कुठून आणायचा

पाच वर्षांचं पोर बेडका काढून देत नाही. तो गिळतं. म्हणून सकाळी नाकातून नळी घालून पोटातून ओढून घ्यायचा. बाळ किमान चार तास उपाशी हवं आणि नमुना झोपेतून उठल्याबरोबर, चालायला-खेळायला लागण्याआधी घ्यायचा. एकदा उठून हिंडलं की पोट रिकामं होऊ लागतं. नळीची लांबी नाकापासून कानापर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजून घ्या. ५ ते १० मिली द्रव मिळाला तर उत्तम. काहीच आलं नाही तर ५ ते १० मिली निर्जंतुक सलाइन आत सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि पुन्हा ओढा. नमुना कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) जाणार असेल आणि प्रयोगशाळा लांब असेल, तर सोडियम बायकार्बोनेट घालून आम्ल मारावं लागतं. नाहीतर जंतू वाटेतच मरतात आणि कल्चर फुकट जातं. शक्य तर दोन सकाळी नमुना घ्या. रक्तस्रावाची प्रवृत्ती असेल किंवा बाळाला धाप लागली असेल, तर नळी घालायच्या फंदात पडू नका.

हे जमत नसेल तर शौचाचा नमुना चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी त्यावरची एक्सपर्ट (मशीनवर टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी, आपल्याकडे सीबीनॅट म्हणतात ती) चाचणी मान्य केली आहे. अडचण एवढीच की आपल्याकडच्या प्रत्येक सीबीनॅट प्रयोगशाळेत तो नमुना तयार करायची सवय नाही, तेव्हा पाठवण्याआधी फोन करा. मानेत गाठ असेल तर सुईने घेतलेला नमुना सगळ्यात सोपा आणि बऱ्याचदा सगळ्यात उपयोगी.

निकालात 'ट्रेस' (जंतूंचा अगदी पुसट माग) आलं, तर एचआयव्ही असलेल्या मुलात ते पॉझिटिव्हच धरायचं. आणि निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं म्हणायचं नाही. मुलांच्या फुप्फुसात जंतू मोजके असतात, मशीनच्या हाती लागत नाहीत. घरात टीबीचा रुग्ण, एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या मुळाशी गाठी, साध्या अँटिबायोटिकने न हटलेला ताप, घटलेलं वजन: एवढं जमलं की उपचार सुरू करायचे. ट्यूबरक्युलिन या त्वचेवरच्या चाचणीत एचआयव्ही असलेल्या मुलात ५ मिलिमीटरचा कडकपणा पुरेसा आहे. काहीच उठलं नाही तर त्यावरून काही ठरत नाही, कारण प्रतिकारशक्ती खालावलेली असली की त्वचा प्रतिसादच देत नाही.

एका सोंगाड्या आजाराकडे लक्ष ठेवा. एलआयपी नावाच्या फुप्फुसविकारात एक्स-रे दोन्हीकडे बारीक दाण्यांनी भरलेला दिसतो, अगदी मिलियरी (रक्तातून सगळीकडे पसरलेल्या) टीबीसारखा. पण एलआयपीचं मूल एक्स-रेच्या मानाने बरंच बरं दिसतं. बोटांची टोकं फुगलेली असतात, कानाखालच्या लाळग्रंथी सुजलेल्या असतात, अंगभर गाठी असतात. मिलियरीचं मूल तापाने फणफणलेलं आणि मलूल असतं. खात्री पटत नसेल आणि मूल खालावत असेल, तर टीबीचे उपचार सुरू करून बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

झटके, गुंगी, मान ताठ, वाढती धाप, दंड आणि पाय काटकुळे झालेलं तीव्र कुपोषण, कावीळ, किंवा ४ किलोपेक्षा कमी वजन: यांतलं काहीही दिसलं तर बाहेरच्या बाहेर उपचार करू नका. थेट सिव्हिल किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठायला सांगा, आणि चिठ्ठीवर 'एचआयव्हीसह टीबीचा संशय' असं स्पष्ट लिहून बंद लिफाफ्यात द्या.

टीबीच्या गोळ्या

औषधांना दाद देणाऱ्या टीबीसाठी राष्ट्रीय कार्यक्रमात सहा महिन्यांचा उपचार आहे: पहिले दोन महिने रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल; पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. मेंदूच्या आवरणाचा किंवा हाडाचा टीबी असेल तर एकूण बारा महिने.

मुलांची विरघळणारी गोळी तिघांची मिळून आहे: रिफाम्पिसिन ७५, आयसोनियाझिड ५०, पायराझिनामाइड १५० मिलिग्रॅम. इथॅम्ब्युटॉल १०० मिलिग्रॅमची गोळी वेगळी. पाकिटं वेगळी असल्याने इथॅम्ब्युटॉल द्यायचं राहून जाणं ही नेहमीची गफलत. दोन्ही पाकिटं रबर लावून एकत्र द्या.

वजनाप्रमाणे रोजच्या गोळ्या:

- ४ ते ७ किलो: मुलांची १ + इथॅम्ब्युटॉल १
- ८ ते ११ किलो: २ + २
- १२ ते १५ किलो: ३ + ३
- १६ ते २४ किलो: ४ + ४
- २५ ते २९ किलो: मुलांच्या ३ + इथॅम्ब्युटॉल ३, शिवाय मोठ्यांची चार औषधांची १
- ३० ते ३९ किलो: मुलांच्या २ + इथॅम्ब्युटॉल २, शिवाय मोठ्यांच्या २

दोन महिन्यांनंतर गोळ्यांची संख्या तीच, फक्त तिघांच्या गोळीऐवजी दोघांची (रिफाम्पिसिन ७५, आयसोनियाझिड ५०), आणि मोठ्यांची गोळी असेल तर तीही चारऐवजी पायराझिनामाइड नसलेली तीन औषधांची. इथॅम्ब्युटॉल चालूच. सोबत बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिन रोज १० मिलिग्रॅम, कारण आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येऊ शकतात आणि कुपोषित, एचआयव्ही असलेल्या मुलात तो धोका अधिक असतो.

काही जण लहान मूल रंग सांगू शकत नाही म्हणून डोळ्यांच्या भीतीने इथॅम्ब्युटॉल गाळतात. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास राहिलं तर डोळ्यांना त्रास क्वचितच होतो. एचआयव्ही असलेल्या मुलात चौथं औषध गाळून टीबी अर्धवट मारण्याचा धोका त्याहून मोठा आहे.

शाइन या चाचणीत भारतासह चार देशांतल्या बाराशेहून अधिक मुलांवर अभ्यास होऊन सौम्य टीबीत चार महिने पुरतात असं दिसलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते २०२२ मध्ये स्वीकारलं. तरी एचआयव्ही असलेल्या मुलाचा उपचार कमी करायचा निर्णय आपल्या पातळीवर घेऊ नका. 'सौम्य' ठरवायला लागणारा चांगला एक्स-रे आणि तो वाचणारा माणूस हाताशी नसतो.

एआरटी: कधी आणि कोणती

आधी टीबीचे उपचार, मग एआरटी. टीबीच्या गोळ्या पोटात टिकू लागल्या की लगेच, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) कितीही असो. फक्त मेंदूच्या टीबीत थांबायचं, किमान चार आठवडे आणि जास्तीत जास्त आठ. तिथे घाई केली तर कवटीच्या आत सूज उसळते. मूल आधीपासूनच एआरटीवर असेल तर ती एक दिवसही बंद करायची नाही. पण टीबीचा पहिला डोस ज्या दिवशी, त्याच दिवशी एआरटी रिफाम्पिसिनशी जुळते का हे पाहायचं.

रिफाम्पिसिन यकृतातल्या विघटन करणाऱ्या यंत्रणेला इतकं चेतवतं की बरीच औषधं रक्तात टिकतच नाहीत. डोल्युटेग्रॅविर त्यांतलंच एक. म्हणून रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत त्याचा तोच डोस दिवसातून दोनदा द्यायचा, बारा तासांच्या अंतराने. रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही आणखी दोन आठवडे दोनदाच, कारण यकृत लगेच थंड होत नाही. एआरटीतल्या बाकी दोन औषधांना, अबॅकाविर-लॅमिव्ह्युडिनला, हे लागू नाही. ते नेहमीच्या डोसातच.

डोल्युटेग्रॅविरच्या १० मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळीचा, चार आठवड्यांपेक्षा मोठ्या बाळासाठीचा एका वेळचा डोस असा: ३ ते ५.९ किलो अर्धी, ६ ते ९.९ किलो दीड, १० ते १३.९ किलो दोन, १४ ते १९.९ किलो अडीच. २० किलोपासून मोठ्यांची ५० मिलिग्रॅमची एक. हे सगळं टीबी असताना दिवसातून दोनदा.

इथे फार्मसीत होणारी एक चूक सांगायला हवी. विरघळणारी गोळी संपली म्हणून ५० ची गोळी कुटून तिचा पाचवा भाग १० मिलिग्रॅम म्हणून देतात. तसं होत नाही. विरघळणारी गोळी अंगात जास्त शोषली जाते. तिचे ३० मिलिग्रॅम म्हणजे मोठ्यांच्या गोळीचे जवळपास ५०. कुटून दिलेला डोस मुलाला कमी पडतो. रिफाम्पिसिन चालू असताना तर फारच कमी.

तिन्ही एआरटी औषधं एकत्र असलेली मुलांची गोळी सेंटरवर असेल तर ती सकाळी द्या आणि बारा तासांनी डोल्युटेग्रॅविर तेवढंच वेगळं द्या. आख्खी एकत्र गोळी दोनदा देऊ नका; बाकी दोन औषधांचा डोस विनाकारण दुप्पट होतो.

मूल लोपिनाविर-रिटोनाविरवर असेल तर साधा डोस रिफाम्पिसिनपुढे टिकत नाही. सरळ मार्ग म्हणजे डोल्युटेग्रॅविरवर बदलणं. ते शक्य नसेल तर लोपिनाविरइतकं भरेल एवढं जादा रिटोनाविर लागतं. हा बदल सेंटरच्या तज्ज्ञांनीच करावा. नेव्हिरापिनवर असलेल्या बाळाचंही औषध बदलायचं. मूल एआरटीवर बरेच महिने असताना टीबी झाला असेल तर व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) पाहा. टीबी हे एआरटी अपुरी पडत असल्याचं लक्षण असू शकतं.

कोट्रायमोक्साझोल (इतर संसर्ग टाळणारं अँटिबायोटिक) विसरू नका. पाच वर्षांखालच्या एचआयव्ही असलेल्या प्रत्येक मुलाला ते रोज एकदा लागतं, ट्रायमेथोप्रिमच्या हिशेबाने किलोमागे ५ मिलिग्रॅम.

नऊ किलोच्या मुलाचा एक दिवस

दोन वर्षांचं, ९ किलोचं मूल घ्या. सकाळी ७ वाजता अनशापोटी तिघांच्या २ गोळ्या आणि इथॅम्ब्युटॉल २. म्हणजे रिफाम्पिसिन १५०, आयसोनियाझिड १००, पायराझिनामाइड ३००, इथॅम्ब्युटॉल २०० मिलिग्रॅम. किलोमागे अनुक्रमे साधारण १७, ११, ३३ आणि २२. चारही योग्य पट्ट्यात बसतात. तासाभराने पेज किंवा दूध. ८ वाजता डोल्युटेग्रॅविर दीड गोळी, अबॅकाविर-लॅमिव्ह्युडिन (१२०/६० ची असेल तर दीड, दिवसातून एकदाच), कोट्रायमोक्साझोल आणि बी-६. रात्री ८ वाजता डोल्युटेग्रॅविर पुन्हा दीड.

आता रक्तवाढीच्या औषधाचं काय? लोह आणि कॅल्शियम डोल्युटेग्रॅविरला पोटातच बांधून ठेवतात. डोल्युटेग्रॅविर त्यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास द्यायचं असतं. सकाळी ८ आणि रात्री ८ या वेळा धरल्या तर लोहासाठी सकाळी १० ते दुपारी २ एवढीच जागा उरते. दुपारच्या जेवणाबरोबर द्या, संध्याकाळी नको. पोट बिघडलं म्हणून गावातल्या दुकानातून आणलेल्या अँटासिडलाही हाच नियम.

२८ दिवसांसाठी या मुलाला डोल्युटेग्रॅविरच्या ८४ गोळ्या लागतात. सेंटरच्या सवयीने ४२ दिल्या गेल्या तर आई एकतर एकदाच देईल किंवा दोन आठवड्यांत तिचा साठा संपेल. गोळ्या मोजून देताना हा आकडा तोंडाने सांगा आणि आईकडून परत म्हणवून घ्या.

तिसऱ्या महिन्यात मूल १० किलोचं झालं की डोल्युटेग्रॅविर दीडावरून दोन, अबॅकाविर-लॅमिव्ह्युडिनही दोन. टीबीच्या गोळ्यांची संख्या मात्र १२ किलोपर्यंत तीच, कारण दोन तक्त्यांचे पट्टे वेगळे आहेत. एका तक्त्यात बदल झाला म्हणून दुसऱ्यातही झाला असेल असं धरू नका. दर भेटीला, कपडे काढून, त्याच काट्यावर वजन घ्यायचं आणि दोन्ही तक्ते वेगवेगळे पाहायचे.

गोळी पोटात जाईपर्यंत

आईला पहिला डोस सेंटरवर, आपल्यासमोर द्यायला लावा. स्वच्छ वाटीत दोन-तीन चमचे उकळून गार केलेलं पाणी, त्यात टीबीच्या गोळ्या. ढवळून विरघळल्या की दहा मिनिटांच्या आत पाजायच्या. तळाला साका राहतोच. थोडं पाणी घालून वाटी खळखळून तेही पाजायचं, नाहीतर औषधाचा भाग भांड्याला चिकटून जातो. डोल्युटेग्रॅविर वेगळ्या वाटीत, एक-दोन चमचे पाण्यात. रात्री विरघळवून ठेवून सकाळी देणं चालत नाही. दुधाच्या भरल्या बाटलीत घालणं तर मुळीच नको. मूल अर्धी बाटली सोडतं आणि किती औषध गेलं ते कुणालाच कळत नाही.

अर्ध्या गोळीसाठी मधल्या खाचेवर तोडायची. उरलेला अर्धा भाग कोरड्या डबीत ठेवून पुढच्या डोसला वापरायचा. पावसाळ्यात कोकणासारख्या दमट भागात पाकिटातून काढलेल्या विरघळणाऱ्या गोळ्या पटकन मऊ पडतात, तेव्हा आठवड्याच्या गोळ्या आधीच सोडून ठेवू नका.

अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस पुन्हा पूर्ण द्यायचा. नंतर झाली तर नाही. रोजच उलटी होत असेल तर टीबीची आणि एआरटीची औषधं तासाभराच्या अंतराने द्या, गोळ्यांआधी भरपेट दूध टाळा, आणि कावीळ नाही ना हे पाहा. अनशापोटी घेतल्याने मळमळ थांबतच नसेल तर थोडं खाऊन घेतलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा कधीही बरी.

लघवी नारिंगी होणार हे आधीच सांगा. न सांगितल्यास आई ते रक्त समजून औषध बंद करते. सांगितलं तर तीच खूण कामी येते: डोसनंतरच्या काही तासांतही लघवी पिवळीच दिसली तर गोळी गेली नसावी.

बिघडतं तेव्हा

एआरटी सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत, बहुतेकदा दोन ते आठ आठवड्यांत, ताप पुन्हा चढतो, गाठी फुगतात, एक्स-रे आधीपेक्षा वाईट दिसतो. घरचे म्हणतात नवीन औषध बाधलं. बऱ्याचदा ही प्रतिकारशक्ती परत येताना उठलेली सूज असते, तिला आयरिस म्हणतात. पण आयरिस हे नाव देण्याआधी तीन गोष्टी तपासा: गोळ्या खरंच जात होत्या का, रिफाम्पिसिनला न जुमानणारा टीबी तर नाही, आणि दुसरा संसर्ग नाही ना. तिन्ही नसतील तर दोन्ही उपचार चालू ठेवायचे. त्रास जास्त असेल तर प्रेडनिसोलोन किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम एक-दोन आठवडे देऊन हळूहळू कमी करायचं. हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. लहान बाळाच्या डाव्या काखेत गाठ आली तर बीसीजीची लस आठवा. ती डाव्या दंडावर दिलेली असते, आणि एआरटीनंतर त्याच बाजूची गाठ सुजू शकते.

डोळे पिवळे, पोटात उजवीकडे दुखणं, जेवणाचा तिटकारा, वारंवार उलट्या: औषध थांबवून त्याच दिवशी रक्त तपासा. एएलटी (यकृताची रक्तचाचणी) नेहमीच्या कमाल मर्यादेच्या, लक्षणांसह तिपटीवर किंवा लक्षणांशिवाय पाचपटीवर गेलं असेल तर रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड तिन्ही बंद, कोट्रायमोक्साझोलही थांबवा. हिपॅटायटिस बी आणि सी तपासा. आकडे उतरल्यावर औषधं एकेक करून परत, आधी रिफाम्पिसिन, मग आयसोनियाझिड, पायराझिनामाइड शेवटी किंवा नाहीच. हे काम रुग्णालयातलं. मधल्या काळात रिफाम्पिसिन बंद असलं तरी डोल्युटेग्रॅविर घाईने एकदावर आणू नका. काही दिवसांत रिफाम्पिसिन परत सुरू होणार असतं.

अबॅकाविर सुरू केल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, खोकला एकत्र येऊन प्रत्येक डोसला वाढत गेले तर ती ॲलर्जी असू शकते. तसं ठरलं तर अबॅकाविर आयुष्यभर पुन्हा द्यायचं नाही, आणि ते कार्डावर लाल शाईने लिहायचं. नुसतं पुरळ असेल तर आधी कोट्रायमोक्साझोलवर संशय घ्या.

पूर्ण डोस चार आठवडे जाऊनही ताप उतरला नाही, वजन हललं नाही, तर वाट पाहू नका. नमुना पुन्हा पाठवा आणि घरातल्या मोठ्या रुग्णाचा टीबी औषधांना दाद देतो का ते शोधा. मुलाला बहुतेक तोच जंतू मिळालेला असतो. औषध-प्रतिरोधी निघाला तर जिल्ह्याच्या डीआर-टीबी केंद्राकडे पाठवा. रिफाम्पिसिनलाच न जुमानणारा असेल तर त्या उपचारात रिफाम्पिसिन नसतं, म्हणून डोल्युटेग्रॅविर दोनदा देण्याची गरज राहत नाही. हेही कुणीतरी चिठ्ठीवर लिहावं लागतं.

घर, पैसा, गुप्तता

मुलाला टीबी म्हणजे कुठेतरी मोठ्या माणसाचा टीबी न सापडलेला. आई, वडील, आजी-आजोबा, घरी राहणारा मामा, सगळ्यांची तपासणी करा. आईची एआरटी कुठे चालू आहे हे विचारा. तिची तब्येत घसरली तर मुलाच्या गोळ्या बंद पडतात, म्हणून शक्य असेल तिथे दोघांची तारीख एकाच दिवशी ठेवा. घरातल्या पाच वर्षांखालच्या भावंडांना टीबी नसेल तर प्रतिबंधक उपचार.

निक्षय पोषण योजनेचे पैसे १ नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये आहेत, आधी ५०० होते. बाळाचं खातं नसतं, तेव्हा पालकाचं खातं निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर पहिल्याच भेटीत नोंदवा. राहिलं की महिनेच्या महिने अडकतं. महाराष्ट्रात आई-वडिलांपैकी कुणी एचआयव्हीमुळे गेलं असेल किंवा आजारी असेल तर बाल संगोपन योजनेसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करता येतो. आहारात नेहमीच्या घासाला तेल-तूप, शेंगदाण्याचा कूट, अंडं, डाळीचं घट्ट वरण यांची भर घाला. नुसती पातळ पेज पोट भरते, वजन भरत नाही. तीव्र कुपोषण असेल तर आधी पोषण पुनर्वसन केंद्र.

शाळेला किंवा अंगणवाडीला एचआयव्हीचं कारण सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि त्यात गुप्तता आणि शाळाप्रवेश दोन्हीचं संरक्षण आहे. गोळ्यांची पाकिटं आशाताईंच्या हाती देण्याआधीही पालकांची परवानगी घ्या. माहितीसाठी एचआयव्हीची हेल्पलाइन १०९७, टीबीची १८००-११-६६६६.

तारखा

पहिल्या दोन आठवड्यांनी भेट, मग दरमहा. प्रत्येक वेळी वजन, उरलेल्या गोळ्यांची मोजणी, डोळ्यांचा पिवळेपणा. एआरटीला सहा महिने झाले की व्हायरल लोड. एक्स-रे सारखा काढू नका. गाठी विरायला वेळ लागतो, आणि मूल वाढत असेल, ताप नसेल, तर चित्रातल्या डागाने घाबरायचं कारण नाही.

टीबीचा शेवटचा डोस दिला त्या दिवशी कार्डावर दोन तारखा लिहा. एक, चौदा दिवसांनंतरची: तोवर डोल्युटेग्रॅविर दोनदा, नंतर एकदा. ती तारीख आईला कॅलेंडरवर गोल करून द्या, नाहीतर मूल महिनोन् महिने दुप्पट गोळ्या खात राहतं किंवा दुसऱ्याच दिवशी एकदावर येतं. दुसरी तारीख आयसोनियाझिडची. एचआयव्ही असलेल्या मुलाला टीबी पूर्ण बरा झाल्यावर सहा महिने किलोमागे १० मिलिग्रॅम आयसोनियाझिड बी-६ सह देता येतं, म्हणजे टीबी परत उलटण्याची शक्यता कमी होते. ते सुरू करायचं की नाही हे त्याच भेटीत डॉक्टरांशी ठरवून घ्या. नऊ किलोने आलेलं ते मूल एव्हाना साडेदहाचं झालेलं असेल, तर डोसही साडेदहाच्या हिशेबानेच लिहा.